अणुऊर्जा विभागात विद्यावेतनासह प्रशिक्षण: आयटीआय, बारावी, पदविका व बी.एस्सी. झालेल्यांसाठी माहिती

अणुऊर्जेच्या क्षेत्रात फक्त मोठ्या शास्त्रज्ञांनाच काम मिळते, असा अनेक कुटुंबांचा समज असतो. प्रत्यक्षात अणुभट्टी चालवण्यासाठी आणि तिची देखभाल करण्यासाठी फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, प्लँट ऑपरेटर आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञही लागतात. हे काम बाहेर सहसा शिकायला मिळत नाही. त्यामुळे केंद्र सरकारचा अणुऊर्जा विभाग तरुणांची आधी निवड करतो, त्यांना विद्यावेतन देऊन शिकवतो आणि प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण करणाऱ्यांना पदावर नेमतो. अशा उमेदवारांना ‘स्टायपेंडरी ट्रेनी’ म्हणतात.

प्रशिक्षण कुठे मिळते?

मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजेच बीएआरसी, आणि अणुवीज केंद्रे चालवणारी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन या दोन संस्था अशी भरती करतात. महाराष्ट्रातील तारापूर, कर्नाटकातील कैगा, गुजरातमधील काक्रापार, राजस्थानातील रावतभाटा, उत्तर प्रदेशातील नरोरा आणि तामिळनाडूतील कल्पाक्कम व कुडनकुलम येथे अणुवीज केंद्रे आहेत. भरती अखिल भारतीय असते. त्यामुळे महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी भाषक उमेदवारही अर्ज करू शकतात. नेमणूक मात्र घरापासून दूर होऊ शकते.

अप्रेंटिस आणि स्टायपेंडरी ट्रेनी यांत फरक काय?

अनेक उमेदवारांची येथेच गल्लत होते. दोघांनाही विद्यावेतन मिळते, पण पुढची वाट वेगळी असते.

- अप्रेंटिस: १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली काम शिकतो. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन सहसा आस्थापनेवर नसते.
- स्टायपेंडरी ट्रेनी: ही पदभरतीच असते. प्रशिक्षण आणि त्यातील परीक्षा यशस्वीरीत्या पूर्ण केल्यावर विभागात नेमणूक होते.

जाहिरात वाचताना सर्वात आधी यांपैकी कोणता शब्द लिहिला आहे ते पाहावे.

पात्रता आणि रक्कम

बीएआरसीच्या २०२३ च्या जाहिरातीत एकूण ४,३७४ पदे होती. त्यांपैकी ४,१६२ जागा प्रशिक्षणार्थींच्या होत्या. त्या जाहिरातीतील मुख्य अटी अशा होत्या:

श्रेणी १
- शिक्षण: अभियांत्रिकी पदविका किंवा बी.एस्सी., किमान ६० टक्के गुण
- वयाची कमाल मर्यादा: २४ वर्षे
- विद्यावेतन: पहिल्या वर्षी दरमहा २४,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २६,००० रुपये

श्रेणी २
- शिक्षण: विज्ञान व गणितासह दहावीला किमान ६० टक्के गुण आणि संबंधित ट्रेडचे आयटीआय प्रमाणपत्र, काही पदांसाठी विज्ञान शाखेतून बारावीला किमान ६० टक्के गुण
- वयाची कमाल मर्यादा: २२ वर्षे
- विद्यावेतन: पहिल्या वर्षी दरमहा २०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २२,००० रुपये

अनुसूचित जाती व जमातीच्या उमेदवारांना त्यांच्यासाठी राखीव पदांवर वयात ५ वर्षे आणि इतर मागासवर्गीयांना ३ वर्षे सवलत मिळते. प्रत्येक भरतीच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून चालू जाहिरातीतील अट अंतिम मानावी.

वेळेचा हिशेब आधीच करा

समजा, मुलगी सोळाव्या वर्षी दहावी झाली आणि दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करून अठराव्या वर्षी बाहेर पडली. बावीस वर्षांच्या मर्यादेपर्यंत तिच्या हातात चारच वर्षे उरतात, आणि जाहिरात दरवर्षी येतेच असे नाही. वरच्या जाहिरातीत आयटीआयसोबत दहावीच्या गुणांचीही अट होती, म्हणून नववी-दहावीतच गणित व विज्ञानाकडे लक्ष दिलेले उपयोगी पडते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना त्या भरतीत अर्जाचे शुल्क माफ होते.

निवड कशी होते?

श्रेणी २ साठी २०२३ मध्ये तीन टप्पे होते. पहिली परीक्षा एक तासाची होती. तिच्यात गणिताचे २०, विज्ञानाचे २० आणि सामान्य ज्ञानाचे १० प्रश्न होते. दुसरी परीक्षा उमेदवाराच्या ट्रेडची किंवा विषयाची होती. तिसरा टप्पा कौशल्य चाचणीचा होता. बरोबर उत्तराला ३ गुण मिळत आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होई. त्यामुळे अंदाजाने उत्तर देणे महागात पडते. निवडीनंतर वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते.

कागदपत्रांत होणाऱ्या चुका

- ही केंद्र सरकारची भरती आहे. इतर मागासवर्गाचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच असावे आणि जात केंद्राच्या यादीत असावी.
- महाराष्ट्रातील एसईबीसी आरक्षण येथे लागू होत नाही. पात्र असल्यास आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढावे.
- दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि आयटीआय प्रमाणपत्र यांवरील नाव व जन्मतारीख जुळते का ते पाहावे. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती जाहिरातीची वाट न पाहता करावी.

किरणोत्सर्गाची भीती बाळगावी का?

हा प्रश्न आई-वडील हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. किरणोत्सर्गी भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला शरीरावर पडणारी मात्रा मोजणारा बॅज लावावा लागतो. नियामक मंडळाच्या नियमानुसार कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट यांपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. गरोदर महिलांसाठी नियम अधिक कडक आहेत. म्हणूनच स्वतःचा बचाव कसा करायचा, हा या प्रशिक्षणाचा महत्त्वाचा भाग असतो. हे काम शिस्तीचे असते आणि अनेक ठिकाणी पाळीत, म्हणजे रात्रीही, करावे लागते. घरच्यांनी हे आधीच समजून घ्यावे.

प्रशिक्षणानंतर

श्रेणी २ चे उमेदवार टेक्निशियन या पदावर रुजू होतात. २०२३ च्या जाहिरातीनुसार त्यांचे सुरुवातीचे मूळ वेतन २१,७०० किंवा २५,५०० रुपये होते. श्रेणी १ चे उमेदवार सायंटिफिक असिस्टंट होतात. त्यांचे मूळ वेतन ३५,४०० किंवा ४४,९०० रुपये होते. भत्ते याशिवाय मिळतात. प्रशिक्षण अर्धवट सोडल्यास काय भरावे लागेल, हे करारनाम्यावर सही करण्यापूर्वी नीट वाचावे.

लक्षात ठेवा

अर्ज संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरावा. जाहिरातीत दिलेल्या शुल्काखेरीज कोणालाही पैसे देऊ नयेत. ‘बीएआरसीत लावून देतो’ असे सांगून रक्कम मागणारी व्यक्ती फसवणूक करत आहे असे समजावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी. इंटरनेटची सोय नसल्यास जवळच्या सेवा केंद्रातून अर्ज भरता येतो. मात्र भरलेल्या अर्जाची प्रत, अर्ज क्रमांक आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा.