वाढ्याचा वाकस

वाशिम इंग्रजी अमदानीत जिल्हाच होता. 1905 मध्ये तो मोडला आणि त्याचा मुलूख अकोला-यवतमाळात वाटला गेला. 1 जुलै 1998 ला वाशिमला पुन्हा जिल्ह्याचा मान मिळाला, तोवर गावोगावचा वाढी, म्हणजे सुतार, मात्र जवळजवळ उठला होता.

वाढ्याच्या भरभराटीचा काळ पाहायचा तर याच जिल्ह्यातल्या कारंजाकडे वळावं लागतं. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने इथे कापसाचा बाजार सुरू झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. तिथे येणारा कापूस बैलबंडीतून यायचा आणि बंडी वाढ्याच्या हातची असायची. चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे सगळं जुळलं की लोहार लोखंडी धाव तापवून चाकावर चढवायचा. पाणी पडून ती आकसली की सांधे आवळले जायचे. सांधा मुळातच ढिला असेल, तर ते तेव्हाच उघडं पडायचं.

एवढ्या कामाला हत्यारं मोजकीच. वाकस, करवत, किकरे, पटाशी, रंधा, दोरीने फिरणारा सामता. वाढी जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून वाकसाने तासायचा. पायाच्या अंगठ्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर पातं उतरायचं. रंध्याचं फक्त पातं विकतचं, कधी शेफील्डचा छाप असलेलं. लाकडी अंग तो स्वतः घडवायचा, आपल्या मुठीच्या मापाचं. म्हणून दुसऱ्याच्या रंध्यावर हात बसत नसे, आणि कुणी मागितलाच तर तो सहसा मिळतही नसे.

या हत्यारांचं कौतुक करताना आपण कारागिराच्या प्रेमावर सगळं श्रेय टाकतो. मला तो हिशेब अर्धवट वाटतो. नवी बंडी करायची तर पैसे वेगळे. पण वखर, डवरा, तिफन यांची वर्षभराची डागडुजी बलुत्यात धरलेली. खळ्यावर मिळणारं धान्य ठरलेलंच. दुरुस्ती दहादा आली तरी माप तेवढंच. मग कच्चा सांधा ठेवणं वाढ्याला कसं परवडेल? बोथट पटाशीने खाच चोख बसत नाही, म्हणून धार. बलुत्यात मिंधेपण होतं, मापात खोट होती, वाढ्याच्या पोराला शाळेऐवजी करवतीचं दुसरं टोक धरावं लागे. ते दिवस परत यावेत असं म्हणवत नाही. पण पक्कं काम त्याच व्यवहारातून निघालं.

पुढे रबरी टायरची बंडी आली आणि चाकाचं काम गेलं. लोखंडी वखर-डवरे आले. सोयाबीनचं पीक पसरलं, पेरणी ट्रॅक्टरवर गेली आणि तिफन आढ्याला टांगली गेली. वाढ्यांची पोरं दारं-खिडक्या, सेंट्रिंग, नंतर प्लायच्या कपाटांकडे वळली. कित्येक घरचे वाकस भंगारात किलोने गेले. चांगलं पोलाद आणि गंजका पत्रा एकाच काट्यावर!

17 सप्टेंबर 2023 ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत सुतार आहे, आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आहे. त्यातून कुणी ड्रिल आणि कटर घेतला, तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. प्लायच्या कामाला वाकस करायचाय काय? ज्याला तो हवाच असेल, त्याने लोहार गाठावा. योजनेच्या यादीत तोही आहे.