धूर किती आणि धूर कुठे?

वाऱ्याची परीक्षा घेण्याची जयपूरला जुनी सवय आहे. आषाढी पौर्णिमेच्या संध्याकाळी ज्योतिषी मंडळी जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्रावर चढतात, ध्वज कोणत्या दिशेला फडकतो ते पाहतात आणि यंदाच्या पावसाचं भाकीत सांगतात. याच शहरात आदर्श नगर, शास्त्री नगर, पोलीस आयुक्तालय अशा ठिकाणची यंत्रं आता चोवीस तास हवेतले कण आणि वायू मोजत असतात. मे-जूनमध्ये थर वाळवंटाकडून धूळ घेऊन येणारी आंधी, हिवाळ्यात जमिनीलगत साचून राहणारी थंड हवा, परकोट्यातली, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातली वाहनांची कोंडी, असा इथला वर्षाचा क्रम. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा हवेचा दर्जा न राखणाऱ्या शहरांच्या यादीत जयपूर होतंच.

अशा शहरात चहाच्या थडीवर (आपल्याकडची टपरी) कुणी सिगारेट पेटवली आणि शेजारच्यानं नाक मुरडलं, की एक उत्तर तयार असतं: रस्त्यावर एवढा धूर आहे, माझ्या एका सिगारेटनं असा काय फरक पडणार?

प्रश्न वाटतो तितका उडवून लावण्यासारखा नाही. तंबाखू कंपन्यांनी तर याच प्रश्नावर पाण्यासारखा पैसा ओतला. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या ९१ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची पाहणी केली आणि नवऱ्याच्या सिगारेटमुळे बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असं १९८१ मध्ये दाखवून दिलं. त्यानंतर अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांनी १९८८ मध्ये घरातल्या आणि कचेऱ्यांतल्या हवेच्या संशोधनासाठी एक संस्थाच काढली. गालिचे, रंग, बिघडलेलं वायुवीजन, बाहेरची प्रदूषित हवा, सगळ्यांकडे बोट दाखवायचं, फक्त सिगारेटकडे नाही, असा एकूण डाव. अमेरिकी न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ च्या निकालात या कंपन्यांनी दुसऱ्याच्या धुराबाबत जनतेची फसवणूक केल्याचं स्पष्ट शब्दांत नोंदवलं. पण कंपन्या लबाड होत्या म्हणून प्रश्न सुटत नाही. हिशेब मांडावाच लागतो.

तो कागद-पेन्सिलीनंही मांडता येतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. एक सिगारेट जळताना ढोबळमानानं १० ते १५ मिलिग्रॅम अतिसूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, हवेत सोडते. बारा धरले आणि दारं-खिडक्या बंद असल्या, तर खोलीत दर घनमीटरला सुमारे ३५० मायक्रोग्रॅम भर पडली. बाहेरच्या हवेसाठी आपलं चोवीस तासांचं राष्ट्रीय मानक ६० आहे. आता हे मानक दिवसभराच्या सरासरीचं आणि आपला आकडा काही मिनिटांचा. ताशी एकदा खोलीतली हवा बदलली तर तासाभरात धूर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तरीही तो तास खोलीतल्या बाळानं कुठल्या हवेत काढला, हे हिशेबातून उघड होतं. आदर्श नगरच्या यंत्राला यातलं काहीच कळत नाही. ते घराबाहेर आहे.

कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाचं काम इथे फार मोलाचं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत भारतीय सहकाऱ्यांबरोबर त्यांनी चुलीच्या धुराची मोजणी केली होती. त्यांचा ठोकताळा असा: घरात सोडलेला एक ग्रॅम धूर माणसाच्या छातीत जाण्याची शक्यता बाहेर सोडलेल्या एक ग्रॅमच्या जवळपास हजारपट असते. शहराच्या एकूण धुरात सिगारेटचा वाटा नगण्य असेल, श्वासातला वाटा नगण्य नसतो. थडीवर उघड्यावर ओढलेली सिगारेट आणि तीच बंद खोलीत ओढलेली सिगारेट यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

इटलीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या वादात हमखास पुढे केला जातो. बंद गॅरेजमध्ये एकदा डिझेल मोटार अर्धा तास चालू ठेवली आणि एकदा तीन सिगारेटी जळू दिल्या. सिगारेटींनी मोटारीच्या दहापटीपर्यंत कण सोडले. ऐकायला जबरदस्त, पण मोटार नव्या बनावटीची, इंधन अत्यल्प गंधकाचं आणि मोजले फक्त कण, विषारी वायू नाहीत. परकोट्यातल्या जुन्या टेम्पोला यातून निर्दोषत्वाचा दाखला मिळत नाही. डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि बाहेरची प्रदूषित हवा २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांच्या गटात गेली. दुसऱ्याच्या तंबाखूचा धूर त्या गटात आधीपासून होताच.

खरी गंमत पुढे आहे. संशोधक आर्डेन पोप आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये बाहेरची हवा, दुसऱ्याचा धूर आणि स्वतःची सिगारेट हे तिन्ही एकाच आलेखावर मांडले. श्वासातून दिवसाला किती कण आत जातात आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका किती वाढतो, एवढाच प्रश्न. रेषा सरळ आली नाही. सुरुवातीला ती झपकन चढते, मग सपाट होत जाते. धूम्रपान करणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या वाट्याला धुराचा शंभरावा हिस्साच काय तो येतो, तरी त्याच्या हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. फुप्फुसाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी. तिथे धोका जवळजवळ मात्रेच्या प्रमाणात वाढत जातो.

दिवाळीच्या सुमारास मोबाइलवर फिरणारं ‘आज तुम्ही इतक्या सिगारेटी ओढल्या’ हे गणित इथेच लंगडं पडतं. बर्कले अर्थ या संस्थेचं ते सूत्र: दिवसभर २२ मायक्रोग्रॅमच्या हवेत राहणं म्हणजे एक सिगारेट. त्या हिशेबानं ११० च्या हवेत पाच सिगारेटी होतात. पण ११० च्या हवेतून दिवसाला जेमतेम दोन मिलिग्रॅम कण आत जातात, पाच सिगारेटींतून साठेक. सूत्र मृत्यूंच्या आकड्यांवरून काढलेलं आहे, कणांच्या नव्हे. लोकांना जागं करायला ठीक; त्यावरून ‘मग खरी सिगारेटही ओढली तर काय’ असा अर्थ कुणी काढला, तर पंचाईत.

या वक्र रेषेची एक अडचण मात्र मान्य करायला हवी. आधीच घाणेरड्या हवेत राहणाऱ्याच्या हृदयाला आणखी थोड्या धुरानं तुलनेनं कमी फरक पडतो, असंही ती सांगते. सिगारेटच्या वकिलांना हे आवडेल. पण तीच रेषा उलट्या बाजूनं वाचली, तर अर्थ असा निघतो की एकच धूर कमी करून भागणार नाही. घरातला आणि रस्त्यावरचा असे दोन्ही उतरले, तरच चढाच्या भागात येऊन पुरता फायदा पदरात पडेल. कर्करोगाला आणि मुलांच्या दम्याला तर ही पळवाटही नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो उशिरा आलेला नाही. सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध गोव्यानं १९९७ चा, राजस्थाननं १९९९ चा कायदा केला. मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये देशभर बंदीचा आदेश दिला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले. पण कायदा घराच्या उंबऱ्यापाशी थांबतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातले १०.७ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे निघाले. घरात दुसऱ्याचा धूर झेलणारे ३८.७ टक्के.

थरची धूळ एकट्या कुटुंबाला थांबवता येत नाही, जुने टेम्पोही नाहीत. त्यासाठी महापालिका आणि प्रदूषण मंडळाच्या मागे लागावं लागतं, आणि लागलंच पाहिजे. घरातली सिगारेट थांबवायला मात्र निधी लागत नाही, निविदा लागत नाही. थंडीत खिडक्या बंद असतात, तेव्हा तर ती खिडकीशी उभं राहूनही ओढू नका. थेट रस्त्यावर जा.