फ्लोराइड रायबोस्विच

फ्लोराइड रायबोस्विच हा जीवाणू व आर्किया यांच्या संदेशवाहक आरएनएमधील एक नियामक भाग होय. पेशीत फ्लोराइडचे आयन वाढले की त्यांना पेशीपटलाबाहेर घालवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाची अभिव्यक्ती तो सुरू करतो. येल विद्यापीठातील रोनाल्ड ब्रेकर व सहकाऱ्यांनी २०१२ साली हा शोध प्रसिद्ध केला.

फ्लोराइड खडकांतून पाण्यात उतरते. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसराच्या भूजलात काही ठिकाणी ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक आढळले आहे. असे पाणी दीर्घकाळ प्यायल्यास लहान वयात दातांवर डाग पडतात, पुढे हाडे व सांधे ताठरतात. या विकारास फ्लोरोसिस म्हणतात. सूक्ष्मजीवांनाही फ्लोराइड घातकच असते. आम्लधर्मी परिसरात ते हायड्रोजनशी जोडले जाऊन भाररहित होते, पेशीपटल ओलांडते, आत पुन्हा सुटे होते आणि तेथेच अडकते. मग एनोलेजसारख्या विकरांचे कार्य मंदावते.

नियमनाची रीत

जनुकाची प्रत तयार होताना आरएनएचा आरंभीचा तुकडा आधी बाहेर येतो. अनेक जीवाणूंत फ्लोराइडच्या अभावी त्यापुढील आरएनएला आकड्यासारखी घडी पडते, प्रत घेणारे विकर तेथेच सुटते व प्रथिन बनत नाही. फ्लोराइड असल्यास आरंभीच्या तुकड्याची रचना पक्की होते, ती घडी टळते आणि प्रत पूर्ण होते. आरएनए स्वतः ऋणभारित असताना त्याने ऋणभारित आयनच धरून ठेवावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. प्रत्यक्षात तीन मॅग्नेशियम आयन मध्यस्थी करतात व त्यांच्यामध्ये फ्लोराइड बसते. आकाराने मोठ्या क्लोराइडला तेथे जागा नसते.

या नियंत्रणाखालील ‘फ्लुक’ प्रथिनाला सैलपणे पंप म्हटले जाते, परंतु ते वस्तुतः वाहिनी आहे. पेशीच्या आतील बाजू ऋणभारित असल्याने फ्लोराइड त्यातून आपोआप बाहेर जाते. काही जीवाणूंत ‘सीएलसी-एफ’ हे प्रथिन प्रोटॉन आत घेऊन फ्लोराइड बाहेर टाकते. ‘फ्लुक’चा जनुक काढून टाकलेला ई. कोलाय जीवाणू अत्यल्प फ्लोराइडनेही वाढेनासा होतो.

मनुष्यात हा रायबोस्विच किंवा ‘फ्लुक’चा जनुक आढळत नाही. शरीरात शिरलेले फ्लोराइड काही अंशी मूत्रपिंडे बाहेर टाकतात, उरलेले मुख्यतः हाडांत साठते. त्यामुळे ते पाण्यातूनच काढावे लागते. तुरटी व चुना वापरणारी नालगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने त्यासाठीच विकसित केली.