‘काम काही नाही, घरीच असायची’

रस्ता अपघातात बाईचा इंतकाल होतो. जबाब लिहून घेताना हवालदार विचारतो, “काय काम करायच्या?” आपलीच माणसे सांगतात, “काही नाही, घरीच असायची.” पुढे दावा न्यायाधिकरणापुढे गेला की हेच वाक्य आडवे येते.

भरपाईचा हिशेब असा असतो. गेलेल्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न घ्यायचे, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा (मागे दोन-तीन जण अवलंबून असतील तर एकतृतीयांश) आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सरला वर्मा खटल्यात हे आकडे पक्के केले. वय 36 ते 40 असेल तर 15, पासष्टीपुढे 5. महिना 10,000 कमावणारा अडतीस वर्षांचा माणूस गेला तर 12 लाख होतात. पुढे वाढली असती ती कमाई आणि इतर किरकोळ बाबी वेगळ्या.

मग जिला पगारच नाही, तिचे काय?

मार्च 1989 मध्ये जमशेदपूरला पोलाद कारखान्याच्या समारंभात आग लागून साठ जण गेले, त्यांत बायका-मुले बरीच. गृहिणीच्या श्रमाची किंमत आधी वर्षाला दहा-बारा हजार धरली गेली. लता वाधवा खटल्यात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फारच कमी ठरवून 34 ते 59 वयाच्या गृहिणींसाठी महिना 3,000 धरले. साठीपुढच्या बायकांना वर्षाला 20,000. नातवंडे सांभाळणाऱ्या दादी-नानीला हा हिशेब पटला असता असे आम्हाला वाटत नाही! 2021 मध्ये कीर्ती खटल्यात न्यायालयाने सरकारी पाहणीचा दाखला दिला. बाई घरकामात दिवसाला 299 मिनिटे घालवते, पुरुष 97.

आपल्यात आणखी एक अडचण. “मरहूमाच्या जिवाचे पैसे कसे घ्यायचे?” असे म्हणून कित्येक घरे दावाच करत नाहीत. पण चुकून जीव गेला तर वारसांना दियत द्यावी, हा हुकूम सूरह निसामध्येच आहे. माफ करण्याचा हक्कही वारसांचाच. शंभर उंटांची दियत ठरवताना मेलेला हमाल होता की व्यापारी, हे विचारले जात नव्हते. स्त्रीची दियत निम्मी, असे जुन्या फुकहांपैकी बहुतेकांचे मत. आजचे काही उलेमा ते मानत नाहीत. आम्हालाही त्यांचेच म्हणणे पटते.

तेव्हा जबाबात घरकाम, मुलांचा अभ्यास, सासूची शुश्रूषा, सगळे सांगावे. शिलाई, पापड, शिकवण्या यांची रोख कमाई वहीत लिहून ठेवावी. बचत गटाचे पासबुक असल्यास उत्तम. एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे दावा सहा महिन्यांत करायचा असतो, म्हणून चाळिसाव्यानंतर बघू म्हणत बसू नये. धडक देऊन गाडी पळून गेली, नंबरही कळला नाही, तरी मृत्यूबद्दल 2 लाख रुपयांची सरकारी योजना आहे. तिचा अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत चौकशी करून भरता येतो.