दादांचा ट्रॅक्टर आणि फुफींची सही

आमच्या घरात लाल ट्रॅक्टरचा विषय निघाला की अब्बा वजूला उठायचे आणि चाचा मोबाईल काढून बसायचे. तीस वर्षे असेच चालले. फुफी तेवढ्या बोलायच्या, पण त्याही एकच वाक्य : "मला कोणी विचारलं होतं?"

हा ट्रॅक्टर आमच्या दादांनी, म्हणजे अब्बांच्या वडिलांनी, 1974 साली घेतला. दादा जहाजावर खलाशी होते. घरी परतल्यावर साठवलेल्या पगारातून त्यांनी घर दुमजली करण्याऐवजी ट्रॅक्टर आणला म्हणून दादी महिनाभर रुसल्या होत्या म्हणे. मॉडेल बी-275, ताकद 35 अश्वशक्तीची. नाकावर 'इंटरनॅशनल' असे लिहिलेले. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी 1963 मध्ये मिळून जी ट्रॅक्टर कंपनी काढली, तिचा तो माल. ही कंपनी 1977 मध्ये महिंद्रात विलीन झाली. तरी जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून 'इंटरनॅशनल'च आहे.

रत्नागिरीत ट्रॅक्टर घेणे म्हणजे तेव्हा थोडे वेडेपणच. आपली भातशेती डोंगरउताराच्या पायऱ्यांवर. एकेक कुणगा एवढासा की ट्रॅक्टर वळवायलाच निम्मा जातो. म्हणून तर पुढे कोकणात पॉवर टिलर रुजला. पण काजळी नदीकाठची आमची जमीन सपाट होती. मृगाचा पाऊस झाला की दादा मागच्या चाकांना लोखंडी केजव्हील लावून चिखलणी करायचे, आणि उरलेले आठ महिने ट्रॉलीतून जांभ्याचे चिरे, शेणखत आणि पेंढा वाहायचे. खरे पैसे त्या चिऱ्यांनीच मिळवून दिले. हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर दादांनी छिन्नीने 786 कोरले होते. पेन्शनवाला म्हातारा दागिन्यावर नाव घालतो तसे.

दादा 1989 साली अल्लाहला प्यारे झाले. 1994 मध्ये चाचांचा आखाताचा व्हिसा आला. एजंटाला पैसे हवे होते. घाटावरचा एक व्यापारी आला, 48 हजार मोजून दिले आणि ट्रॅक्टर आंबा घाट चढून गेला. मी पंधरा वर्षांची होते. फुफी त्या वेळी सासरी, चिपळूणला. त्यांना आठ दिवसांनी पत्राने कळले.

मागच्या वर्षी माळ्यावरची पत्र्याची पेटी साफ करताना मला आरसी बुकाची झेरॉक्स सापडली. नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, सगळे होते. मोबाईलच्या अॅपमध्ये नंबर घालून पाहिला, काहीच निघाले नाही. जुन्या नोंदी कधी संगणकावर चढल्याच नव्हत्या. मग शिक्षकाकडे जी एक दौलत असते ती वापरली : जुने विद्यार्थी. माझा एक विद्यार्थी आता मलकापूर भागात उसाच्या ट्रॉल्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. त्याला झेरॉक्सचा फोटो पाठवला. दीड महिना तो गॅरेज-गॅरेज विचारत फिरला आणि एका मगरिबनंतर त्याचा फोन आला, "मॅडम, पेटीवर 786 आहे."

भावाला घेऊन गेले. एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे ट्रॅक्टर उभा होता. रंग उडालेला, पुढचे टायर भलत्याच मापाचे, पण पीटीओवर मळणी यंत्र चालवत होता. भावाने रॉकेलमध्ये चिंधी बुडवून ग्रीसचा थर खरवडला. एकेक आकडा उघडा पडत गेला आणि मी झेरॉक्सशी ताडून पाहत गेले, पेपर तपासताना पाहते तसे. दोन्ही नंबर जुळले. ते काका भले माणूस. म्हणाले, "हा आला आणि माझी विहीर लागली, पायगुणाचा आहे." चहा झाला, भाकरी झाली, एक लाख दहा हजारांवरून पंच्याऐंशीवर आले. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे आमचे आधीच ठरले होते. शाळेतल्या भिशीचा माझा नंबर लागला होता, त्याचे 45 हजार. उरलेले 40 चाचांनी, कोणी न मागता, दिले.

पण कागद पाहिले तर मालक कोण? दादाच! व्यापाऱ्याने नाव बदलले नव्हते, पुढच्यांनीही नाही. पस्तीस वर्षांपूर्वी दफन केलेल्या माणसाच्या नावावर ट्रॅक्टर उसाच्या फडात फिरत होता. कुठे अपघात झाला असता तर नोटीस आमच्या उंबऱ्यावर आली असती. वाचक भगिनींनो, घरात मयताच्या नावावर स्कूटर, रिक्षा, जीप काही असेल तर आजच पाहा. मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना 31 भरून वारसाच्या नावे अर्ज करायचा, असा नियम आहे. विकायचे असेल तर त्यानंतर नमुना 29 आणि 30. आमच्याकडे दोन्ही राहिले होते, आणि आता सगळ्या वारसांची संमती लागणार होती. सगळ्या म्हणजे फुफींचीही.

चाचा चिपळूणला गेले. फुफींनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आधी चौऱ्याण्णवचा हिशेब."

हिशेब सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. मुले असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. 48 हजारांतले दादींचे 6 हजार. राहिले 42 : अब्बा आणि चाचांचे 16,800-16,800, फुफींचे 8,400. पुढे दादीही गेल्या, त्यांच्या 6 हजारांतले फुफींचे 1,200. एकूण 9,600. शाळेत वारसाहक्काची ही गणिते मी फळ्यावर सोडवून दाखवलेली आहेत. स्वतःच्या घरचे तीस वर्षे सोडवले नव्हते. आपल्याकडे नमाज-रोजाबद्दल जितकी चौकशी होते त्याच्या चौथा हिस्सा तरी बहिणीच्या हिश्श्याबद्दल व्हावी, असे मला फार दिवस वाटते. "बहिणीने माफ केले" हे वाक्य बहुतेक वेळा बहिणीला न विचारताच बोलले जाते.

चाचांनी पंचवीस हजार पुढे केले, म्हणाले, तेव्हाचा रुपया आणि आताचा रुपया एक नाही. फुफींनी 9,600 मोजून घेतले, दोनदा मोजले, बाकीचे परत सरकवले. "हक्क होता तेवढा घेतला. वरचं तू खुशीने देतोस, तर ते मशिनच्या दुरुस्तीला लाव." मग सही केली. पूर्ण नाव, उर्दूत. खाली मराठीत पुन्हा करावी लागली, कारण क्लार्कला वाचता येईना.

ट्रॅक्टर ट्रकवर चढवून आंबा घाटाने उतरवला. नोंदणीची मुदत कधीच संपली आहे. तपासणी, दंड, नूतनीकरण सगळे व्हायचे आहे, तोवर रस्त्यावर काढायचा नाही. शेतात मात्र चालतो. या जूनमध्ये पहिल्या चिखलणीला फुफी आल्या. लहानपणी बसायच्या तशा मडगार्डवर बसायचा हट्ट धरला. सत्तरीला टेकलेल्या बाईला कोण बसवणार? बांधावर खुर्ची टाकून दिली. भावाने दोन फेऱ्या मारल्या, कोपऱ्यावर वळवला, तशा त्या खुर्चीतून ओरडल्या, "अरे, डावा ब्रेक जास्त धरतोय! अब्बांच्या वेळेलाही तोच धरायचा!"

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी खोलून पाहिले. डावाच होता.