सांध्यावरचा संशय

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी ज्यांनी गावाकडे पाहिली आहे, त्यांना ही रायफल अनोळखी वाटणार नाही. कळ दाबली की नळी बिजागरीवर पुढे झुकते आणि मागचं तोंड उघडतं. एक काडतूस सरकवायचं, नळी मिटायची, अंगठ्याने घोडा ताणायचा. फरक आहे तो नळीच्या पोटात. गावाकडची नळी आतून गुळगुळीत, छर्रे उडवणारी. हिच्या आत पीळदार खाचा आहेत आणि त्यांतून जाणारी गोळी सहा मिलिमीटरहूनही बारीक.

पेन्सिल्वेनियात आमच्या शेजारच्या शेतकऱ्यांकडे .22 हॉर्नेटची अशी रायफल आहे. तिला काम एकच, ग्राउंडहॉगचं. हा मांजराएवढा, पण चांगलाच गुबगुबीत कुरतडणारा प्राणी सोयाबीनचे कोवळे शेंडे फस्त करतो. त्याहून वाईट म्हणजे गोठ्याच्या पायाखाली आणि बांधाच्या कडेला बिळं खणतो. त्यात गाईगुरांचे पाय जातात, ट्रॅक्टरचं चाक रुततं. आजूबाजूला घरं असल्याने मोठा बार करणारी रायफल इथे कुणालाच नको असते. हॉर्नेट हे काडतूस त्या मानाने सौम्य. 1920च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याशी संबंधित काही हौशी मंडळींनी काळ्या दारूच्या जमान्यातल्या जुन्या काडतुसावरून ते घडवलं आणि 1930 साली विंचेस्टरने ते बाजारात आणलं. 45 ग्रेनची, म्हणजे तीन ग्रॅमहून हलकी गोळी सेकंदाला सुमारे 820 मीटर वेगाने सुटते. खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच.

मोडणाऱ्या रायफलींवर मात्र एक जुना आरोप आहे: सांधा आला तिथे नेम गेला. बोल्ट रायफलीत काडतुसाच्या थेट मागे, नळीच्या रेषेतच पोलादी दाते अडकतात. इथे अडसर नळीच्या खाली. बार उडाला की काडतूस मागे रेटा देतं आणि सगळा सांधा उघडू पाहतो. तेव्हा शंभर यार्डांवर गोळ्या विखुरल्या, की लोक आधी बिजागरी हलवून बघतात.

शेजाऱ्यांनी उमेदीची वर्षं लेथवर काढली आहेत, त्यामुळे त्यांनी सांध्याची बाजू मला लोखंडातच दाखवली. त्यांनी रायफल मोडली, स्क्रू काढला आणि नळी सुटी करून टेबलावर ठेवली. काडतुसाची खोली नळीत, खाचा नळीत, आणि दुर्बीणही नळीवरच बसवलेली. गोळीला दिशा देणारं आणि डोळ्याला दिशा दाखवणारं असं सगळं त्या एका तुकड्यात होतं. मागच्या सांगाड्याकडे उरतं ते दार लावण्याचं आणि घोडा आपटण्याचं काम. सांधा केसभर सैल असला तरी दुर्बीण आणि नळी एकमेकींना सोडून हलत नाहीत. 1967 साली आलेल्या थॉम्पसन/सेंटर कंटेंडर या मोडत्या बंदुकीची सगळी मांडणी याच गोष्टीवर उभी होती. एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या नळ्या बदला, प्रत्येक नळीची दुर्बीण तिच्याबरोबरच राहते. आल्प्समधले शिकारीही मोडती एकनळी रायफल डोंगरात हौसेने नेतात. नेम कच्चा असता तर त्यांनी ती कधीच टाकून दिली असती. शिवाय काडतूस बारीक असलं की त्याचा मागचा रेटाही कमी. हॉर्नेटसारखं छोटं काडतूस या सांध्याची फारशी परीक्षाच घेत नाही.

मग गोळ्या पसरतात कशाने? त्याचं उत्तर क्लबच्या रेंजवर, वाळूच्या पिशवीवर मिळालं. नळीखालचा लाकडी हात, ज्याला इथे फोर-एंड म्हणतात, तो या रायफलीत एका स्क्रूने थेट नळीलाच बांधलेला असतो. शेजाऱ्यांनी आधी मुद्दाम त्या लाकडाचं टोक पिशवीवर टेकवलं. कागदावर भोकांची उभी रांग पडली, अडीच इंच लांबीची. आडवा पसर नावापुरता. मग पिशवी मागे घेतली, बिजागरीच्या अगदी पुढ्यात, आणि त्याच डब्यातली काडतुसं उडवली. रांग आक्रसून सव्वा इंचाच्या गोळक्यात आली. लाकूड टोकाशी टेकलं की रायफलीचा भार स्क्रूमधून नळीला वर रेटतो. खांद्याचा दाब दर खेपेला थोडा बदलतो, तसा तो रेटाही बदलतो आणि गोळी वर-खाली जाते.

यावरचा उपाय या रायफलींच्या मालकांमध्ये चांगलाच रुळलेला आहे, आणि त्याला काही सेंट लागतात. स्क्रूभोवती, लाकूड आणि नळी यांच्यामध्ये, नळाच्या तोटीत असतो तसला रबरी वायसर घालायचा. लाकूड नळीपासून किंचित सुटं होतं आणि त्याचा दाब रबर पचवतं. स्क्रू मात्र दर वेळी सारखाच आवळायचा. शेजाऱ्यांनी स्क्रूच्या डोक्यावर आणि लाकडावर रंगाची एक रेघ ओढली आहे. रेघा जुळल्या की हात थांबवायचा.

बाकीच्या खोडी लहान, पण बेरीज होणाऱ्या. बाहेरचा घोडा मोठी चक्कर मारून पडतो. चाप सुटल्यापासून बार होईपर्यंत जो क्षण जातो, त्यात रायफल स्थिर धरावीच लागते. चाप जड असेल तर नेम तिथेच ढळतो. नळी मिटण्याची तऱ्हाही एकच हवी. शेजारी ती आपटत नाहीत आणि हळूच लोटतही नाहीत. अडसर पुरता बसल्याचा आवाज ऐकतात, मग अंगठ्याने कळ चाचपतात. बारीक नळी लवकर तापते, म्हणून दोन बारांमध्ये रायफल मोडून, तोंड उघडं ठेवून ती निवू देतात. घाईच्या माणसाला हे जमत नाही. तो सलग बार काढतो आणि नंतर बंदुकीला नावं ठेवतो.

नेमाचं माप इथे ‘मिनिट’मध्ये सांगतात. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर एक इंचाहून किंचित जास्त. दुकानात, रेंजवर सगळे एक मिनिटाच्या आतले आकडे सांगतात. पण रायफल कशावर आणि कुठे टेकवली होती, नळी गार होती की तापलेली, हे फार थोडे सांगतात. ते कळल्याशिवाय या जातीच्या रायफलीचा आकडा निरर्थक आहे.

शेजाऱ्यांची पद्धत मला म्हणूनच पटली. बिळाच्या तोंडाशी बसलेला ग्राउंडहॉग पहिल्या बारानंतर थांबत नाही. दुसरी गोळी भरेपर्यंत तो जमिनीखाली गेलेला असतो. तेव्हा कामाची ती गार नळीतली पहिली गोळी. ते रेंजवर जातील त्या दिवशी सगळ्यांत आधी एकच बार एका राखीव कागदावर काढतात, तारीख घालतात आणि कागद घडी करून ठेवतात. उन्हाळा, थंडी, दमट हवा, सगळ्या दिवसांची भोकं त्या एकाच कागदावर आहेत. त्यांचा पसर दीड इंच भरला. दीडशे यार्डांवर तो सव्वादोन इंच होईल. ग्राउंडहॉगच्या डोक्याला तेवढं पुरतं.

त्यापुढे रायफल कितीही सुधारली तरी वारा ऐकत नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा हॉर्नेटच्या गोळीला दोनशे यार्डांवर सुमारे एक फूट ढकलतो. त्यामुळे शेजाऱ्यांनी आपली हद्द दीडशे यार्डांवर आखून घेतली आहे, तीही वारा पडलेला असेल आणि मागे मातीचा चढ असेल तरच. नवी रायफल घेण्याचा विषय मी एकदा काढला. ते म्हणाले, ‘‘त्या पैशांत बांधाकडेने थोडं चालत जवळ जाता येतं, तेही फुकट.’’