खाल्ल्या मिठाला किती वर्षं जागायचं?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ थांबले. वय पंचेचाळीसच्या घरात, रिसोडकडचे. एकोणीस वर्षं एका पतसंस्थेत आहेत, शिपायापासून शाखा व्यवस्थापकापर्यंत चढलेले. आता पुण्याहून बोलावणं आलंय, पगार जवळजवळ दुप्पट. म्हणाले, "सर, जावंसं वाटतं. पण ज्यांनी उभं केलं त्यांना सोडायचं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणंच की." प्रश्न पैशाचा असता तर आम्ही त्यात पडलो नसतो. तो हिशेब त्यांना आमच्यापेक्षा बरा येतो. पण त्यांना अडवतंय ते मीठ, म्हणून आज तेच घेऊ.

आपल्या वाशीम भागात सालदार पाडव्याला ठरतो आणि पाडव्यालाच मोकळा होतो. वर्षभर बैलांचं वैरणपाणी, वखरणी, रात्रीची जागल. पाडव्याला हिशेब होतो, पटलं तर पुढचं साल, नाही तर दुसऱ्याचं शेत. त्याला कोणी बेइमान म्हणत नाही, कारण दिलेल्या शब्दाला शेवट होता. अर्थात उचल फिटली नसेल तर तो पुढचं सालही तिथेच काढतो, आणि मालक कौतुकानं सांगतो, आमचा गडी फार इमानी आहे! आता ते इमान किती आणि कर्ज किती, हे त्या गड्यालाच ठाऊक.

हसू नका. आम्हालाही चाळिशीत एका विद्यापीठातून बोलावणं आलं होतं. गेलो नाही. त्याला आम्ही पुढं बरीच वर्षं निष्ठा म्हणत आलो. खरं कारण घराचे हप्ते होते.

आता दुसरं उदाहरण पुण्याचं, पण बोली सालदारासारखीच मुदतीची. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षं अल्प वेतनावर शिकवायचं कबूल करत. गोपाळ कृष्ण गोखले विशीत असतानाच त्यात आले, महिना ७५ रुपयांवर. त्यातली बहुतेक वर्षं फेडून १९०२ साली, छत्तिसाव्या वर्षी, ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी एक गोष्ट सांगितली. किनाऱ्यावर एका माणसाचं घर, शेत, कुटुंब, सगळं ठीक. पण समुद्राची ओढ त्याला राहू देत नाही. तो नाव पाण्यात घालतो आणि अखेर बुडतो. आपलंही काहीसं तसंच आहे, असा त्यांचा सूर होता. म्हणजे 'चांगली संधी' त्यांना सुरक्षित वाटत नव्हती. सोडलेली जागाच सुखाची होती, हे ते मोकळेपणानं कबूल करत होते.

त्याच संस्थेतून टिळक १८९० साली मतभेद होऊन बाहेर पडले होते. गणिताची जागा रिकामी झाली आणि १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून धोंडो केशव कर्वे मुंबईची शिकवणी सोडून तिथं आले. एकाच्या जाण्यानं संस्था बुडते, असं जाणाऱ्यालाच जास्त वाटत असतं.

आता मिठाकडे येऊ. गंमत म्हणजे 'सॅलरी' या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधलं मीठच आहे. आणि 'ग्रॅच्युइटी'च्या मुळाशी कृतज्ञता. पण १९७२ सालच्या कायद्यानं या कृतज्ञतेला हक्क करून टाकलं. सलग पाच वर्षं नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, राजीनामा दिला तरीही. माणूस कधीतरी जाणार, हे कायद्यानं धरलेलंच आहे.

उरतं ते उपकाराचं ऋण. कांट म्हणतो की ते पुरतं फिटतच नाही, कारण ज्यानं आधी केलं त्याचं ते 'आधी' आपल्याला कधी गाठता येत नाही. हे मान्य केलं तर पुढचंही मान्य करावं लागतं: जे फिटतच नाही, ते अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत खुर्चीत बसूनही फिटणार नाही. करार संपतो, कृतज्ञता पुण्यालाही सोबत नेता येते. आपण करतो काय, तर दोन्ही एका वहीत मांडतो आणि मग बेरीज जुळत नाही.

त्या गृहस्थांना आम्ही एवढंच विचारलं, "तुमच्याजवळ असं काय आहे, जे उद्याच्या माणसाला रजिस्टरात सापडणार नाही?" थोडं थांबून ते बोलू लागले. कोणता खातेदार सोयाबीन विकलं की आपणहून येतो, कोणाच्या घरी दोनदा जावं लागतं, कोणाला चारचौघांत हप्ता मागायचा नसतो. आम्ही म्हटलं, संस्थेचं काही अडकलं असेल तर ते हे. हे कोणाला शिकवलंय? "नाही अजून." नोटीस किती? "एक महिना." आणि सोयाबीन बाजारात कधी येतं?

"दसऱ्याच्या आसपास," ते म्हणाले. "पुण्याचे लोक तोवर थांबतात का, विचारून बघतो."